ओसरीवरचा संगणक

३ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा तेच! महिन्याभरात दुसऱ्यांदा. सकाळी गावाहून भावाने, दाद्याने, नवी पाठवलेली भजनं कानात घालून कामाला लागलो होतो, मन कसं निवांत होतं. दुपारच्या आत ऑफिसातल्या सगळ्या संगणकांवरच्या फायलींना कुलूप. उघडायला जावं तर नुसती अगम्य अक्षरं. मागच्या वेळी निदान कुणाचं अडलं नव्हतं. आज अडलं.

एक आजोबा लिफ्टमध्ये अडकले, दोन मजल्यांच्या मधोमध. लंबू मेकॅनिक गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन उभा, आणि त्या जुनाट लिफ्टच्या वायरिंगचा नकाशा इकडे कुलपात. तो फोनवर माझ्यावर खेकसतोय, मी पडद्याकडे बघत बसलोय. आजोबा अंधारात. तेवढा सगळा वेळ त्यांच्याशी फोनताई बोलत होत्या. आमच्या लिफ्ट-दुरुस्तीच्या ऑफिसात त्यांचं कामच ते. आत अडकलेल्या माणसाने बटण दाबलं की फोन त्यांच्याकडे येतो, आणि मेकॅनिक पोहोचेपर्यंत त्या त्याला धीर देतात. आज त्यांनी आजोबांकडून त्यांच्या शाळेतल्या सगळ्या मास्तरांची नावं काढून घेतली, कोण मारकुटे आणि कोण गरीब स्वभावाचे ते सुद्धा. आजोबा सुखरूप बाहेर आले तेव्हा ताईंचा आवाज पार बसला होता.

मग बाहेरचा इंजिनियर आला. सगळे संगणक पाहून ताईंच्या टेबलाशी थांबला. त्यांच्या पडद्याच्या कोपऱ्यात त्यांचं घर दिसतं. घरी आजारी यजमान एकटे असतात, म्हणून भाचीने एक स्वस्तातला कॅमेरा बसवून दिलाय. त्याचा प्रोग्रॅम या संगणकावर. इंजिनियर म्हणाला, रोग बहुतेक यातूनच आला असणार.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडून ते ‘बहुतेक’ गळून पडलं होतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सगळे संगणक पुसून, राखून ठेवलेल्या प्रती परत भरल्या. कंबर मोडली. दाद्याची पेन ड्राइव्ह गावी निघालेल्या शेजाऱ्याच्या हाती परत दिली. दाद्या ती पुन्हा भरून पाठवील, गावाहून कुणी इकडे यायला निघालं की.

धाकट्या साहेबांनी ताईंना आत बोलावलं, मलाही. साहेब वाईट माणूस नाही. थोरल्या साहेबांच्या खुर्चीत बसतो तेव्हा जरा अवघडल्यासारखा होतो, एवढंच. म्हणाले, ताई, कॅमेरा काढा, मोबाइलवर बघत जा. ताई खाली मान घालून म्हणाल्या, “मोबाइलवर ते मला मुंगीएवढे दिसतात, साहेब.” त्यांच्या डोळ्यांचं आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. साहेब मग माझ्याकडे वळून म्हणाले, हा एक संगणक बाकीच्यांपासून तोडता येईल का? पण इंटरनेट राहायला हवं. तक्रारींची नोंद इंटरनेटवरच होते, आणि ताईंशिवाय आपलं चालायचं नाही.

बघतो म्हणालो. येतं कुठे मला सगळं! मी मूळचा लिफ्टचा वायरमन. ज्याला वायर कळते त्याला संगणकही कळेल, असं म्हणून थोरल्या साहेबांनी मला या खुर्चीत बसवलं. देवाच्या आणि त्यांच्या विश्वासावर चाललंय.

बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, “भाऊ, त्या आजोबांना माझ्यामुळे अंधारात बसावं लागलं हो.” मी म्हटलं, तसं काही नाही. पण मला तरी कुठे माहीत होतं, तसं होतं की नाही!

६ फेब्रुवारी, गुरुवार

मार्ग सापडला. राउटरला एक वेगळी खोबण आहे, बाहेरून येणाऱ्यांसाठी. तिच्यात वायर खोचली की इंटरनेट मिळतं, पण आतल्या संगणकांकडे वाट नाही. घरी हिला समजावून सांगत होतो. म्हटलं, पाहुण्याला ओसरीवर बसवायचं, प्यायला पाणी द्यायचं, गप्पा मारायच्या, पण माजघरात येऊ द्यायचं नाही.

ही म्हणाली, “म्हणजे तुमच्या आत्याला आपण ठेवतो तसं.”

हसलो खरा. पण मग वाटलं, ओसरीवर बसवलेल्याला कळतंच की, आपल्याला आत का घेत नाहीत ते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

केलं! सगळे घरी गेल्यावर शिडी लावून भिंतीवरचा डबा उघडला. प्रत्येक वायरीला मीच कधीकाळी चिठ्ठी बांधलेली — साहेब, हिशेब, लंबू, फोनताई. ताईंच्या चिठ्ठीची वायर इथून काढली, पाहुण्यांच्या खोबणीत खोचली. हात जोडले, मगच खाली उतरलो.

मग माझ्या संगणकावर येऊन ताईंचा शोधला. दिसेना! जणू नाहीच. त्यांच्या टेबलाशी जाऊन इंटरनेट लावलं, झकास चालू. पडद्याच्या कोपऱ्यात त्यांचं घर. खिडकीपाशी यजमान बसलेले आणि ताई नुकत्याच घरी पोहोचून चप्पल काढत होत्या. चटकन पडदा बंद केला. दुसऱ्याच्या घरात असं बघू नये.

८ फेब्रुवारी, शनिवार

ताईंना बजावलं, नकाशांच्या फोल्डरला आता हात लावायचा नाही, ते तुम्हाला उघडायचंही नाही. नकाशा लागला तर मला सांगा, कागदावर आणून देईन. त्या म्हणाल्या, “तुम्ही सांगाल तसं, भाऊ.” लहान मुलीसारखी मान हलवली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लंबूने आज ताईंच्या पडद्याला फडकं बांधलं आणि त्यावर लिहिलं, गोवर झालाय, लांब राहा. सगळे हसले. ताईही हसल्या, फडकं सोडून घडी घालून त्याला परत दिलं. म्हणाल्या, तुझ्या जिभेला बांध. लंबू मनाने वाईट नाही. गेल्या वर्षी यजमान हरवले होते तेव्हा भर उन्हात सायकलवर शोधत हिंडला होता तो.

दुपारी एका बाईचा फोन, लिफ्टमध्ये अडकलेली, कडेवर तान्हं, रडतंय. ताईंनी तिला सांगितलं, फोन बाळाच्या कानाशी धर. आणि ताई स्वतः गुणगुणायला लागल्या! आख्खं ऑफिस थांबलं. हिशेबनीसाने चष्मा काढून ठेवला. पलीकडे बाळ गप्प झालं, तेवढ्यात दार उघडलं.

फोन ठेवून त्या कॅमेऱ्याकडे वळल्या. “ऐकलंत का, अजून जमतं मला.” पलीकडून यजमानांचा आवाज आला, “बरं. घरी कधी येतेस?”

रोज हेच विचारतात ते. आणि रोज या तितक्याच गोडीने सांगतात, “संध्याकाळी.”

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रिंटर माझ्यावर रुसलाय. नकाशांचं फोल्डरही उघडेना. परवा मीच सगळ्यांचे पासवर्ड बदलले, त्यात कुठे तरी माझं मीच अडकवून ठेवलं असणार. लंबूच्या संगणकावरून काढतो हल्ली काय लागेल ते. एकदा निवांत बघायला हवं.

१६ फेब्रुवारी, रविवार

ताईंच्या घरचा कॅमेरा भिंतीवरून पडला. बसवून द्यायला गेलो, हीही आली बरोबर. दोन खोल्या, लखलखीत. यजमान शाळेत भूगोल शिकवायचे. भिंतीवर जगाचा नकाशा, कडा पिवळ्या पडलेल्या. माझं स्वागत केलं, बसा म्हणाले. मग ताई पाणी घेऊन आल्या, तेव्हा त्यांनाही तसंच अदबीने म्हणाले, “बसा ना तुम्हीही. आमची ही कामावर गेलीय, येईलच.”

ताई बसल्या. पदराने हात पुसत.

मी शिडीवर होतो. खिळा ठोकायचा सोडून तसाच उभा राहिलो.

नंतर हिला त्यांनी स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. गेल्या वर्षापासून ते त्यांचा चेहरा ओळखत नाहीत. घरी त्या म्हणजे कुणी तरी भली बाई, जेवू घालणारी. पण कॅमेऱ्यातून आवाज आला की ओळखतात! तिथे ती कामावर असते, तिथून बोलते, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. ताईंनी एकदा घरूनच, आतल्या खोलीतून मोबाइलवर बोलून पाहिलं. ते उठून आत आले, ताईंच्या हातात मोबाइल पाहिला, आणि म्हणाले, “तिला कुठे लपवलंय तुम्ही?” त्यानंतर तसं कधी केलं नाही. दुपारचं जेवण शेजारीण वाढते, आणि ताई तिकडून बोलतात, भाजी घ्या, ताक घ्या, तेव्हाच ते जेवतात.

परत आल्यावर ही आमच्या जिन्यात माझा हात धरून चढली. हिचे गुडघे काही दुखत नाहीत अजून.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी प्रार्थनेला बसलो. शेवटी एवढंच म्हटलं, ती वायर सांभाळ.

१९ फेब्रुवारी, बुधवार

चहा आला की हिशेबनीस सगळ्यांच्या पडद्यावर निरोप टाकतो. ऑफिसची जुनी रीत. हल्ली मला निरोपच येत नाही. निवलेला चहा पितोय. आज ताईच हाक मारायला आल्या, “भाऊ, चहा आलाय, तुम्हाला नाही का निरोप?” त्यांच्या तोडलेल्या संगणकावर निरोप कुठून यायचा, चहावरून लंबूचा आरडाओरडा ऐकू गेला असणार. हिशेबनीसाला विचारलं तर म्हणतो, मी सगळ्यांना पाठवतो, तुम्हीच बघत नसाल. असेल. पन्नाशी आली.

दाद्याकडून अजून काही नाही. कान सुने सुने वाटतात सकाळचे. दाद्याला गळा आहे, मला नाही. लहानपणी तो म्हणायचा आणि मी नुसता टाळ्या वाजवायचो. त्याचा नातू त्याचं गाणं गावातल्या संगणकाच्या दुकानात जाऊन पेन ड्राइव्हवर भरून घेतो. आवाज खरखरतो, मागून कोंबडं आरवतं. पण ते कोंबडंसुद्धा हवं असतं मला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज ताई सहज म्हणाल्या, “तुमची जागा बळकावून बसलेय मी, म्हणून डोळे टिकलेत.” खिडकीची जागा पूर्वी माझी होती. गेल्या वर्षी भिंती रंगवल्या तेव्हा टेबलं हलवलीच होती, म्हणून मी म्हटलं, ताई, तुम्ही उजेडात बसा. मी त्यांच्या कोपऱ्यात गेलो. मला काय, मी डब्यात डोकं घालून बसणारा माणूस. त्यात विशेष काही नाही. पण त्या अजून बोलून दाखवतात.

तीन आठवडे होतील. काही झालेलं नाही कुठल्याच संगणकाला. साहेब म्हणाले, बघा, रोग तिथेच होता, तोडला आणि थांबला. माझी पाठ थोपटली. ताई तिथेच होत्या. मला पाठ चोरावीशी वाटली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

ताई नोकरी सोडतायत.

साहेबांना सांगून मोकळ्या झाल्या. पंधरा मार्चपर्यंत येईन म्हणाल्या. मी जिन्यात गाठलं त्यांना. त्या मग म्हणाल्या, “भाऊ, लिफ्टमधला माणूस मला म्हणतो, तुमच्या भरवशावर आहे. मी त्याला हो म्हणते. आणि त्या आजोबांना अंधारात कोंडलं ते माझ्याच घरच्या कॅमेऱ्याने. मग कुठल्या तोंडाने हो म्हणू?”

मी म्हटलं, आता तुमचा संगणक वेगळा आहे, कुणाला काही होत नाही.

“तेच तर. वेगळा केला आणि सगळं थांबलं. म्हणजे माझंच होतं.”

यजमानांचं काय, एवढंच विचारलं. घरी बसाल तर त्यांच्याशी बोलणार कोण?

त्या पायऱ्या उतरत म्हणाल्या, “मी असेनच ना घरी. ती भली बाई.”

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

जेवण गेलं नाही. हिने ताट उचललं नाही, रागावलीही नाही. समोर बसून राहिली.

४ मार्च, मंगळवार

साहेबांशी बोललो. तेही हळहळले. म्हणाले, मी जा म्हटलेलं नाही, उलट पगार वाढवून देतो म्हणालो. पण त्यांच्या मनाला लागलंय, त्याला मी काय करू? खरं आहे. मनाला लागलेलं कुठली वायर काढून थांबवायचं?

लंबू त्या फडक्यावरून स्वतःला शिव्या घालतोय. आज ताईंसाठी पेरू घेऊन आला. धुऊन, फोडी करून, मीठ लावून. “गोवरवाल्यांना चालतो का पेरू?” असं विचारलं त्याने, फोडींकडेच बघत. ताईंनी एक फोड खाल्ली आणि उरलेल्या त्यालाच खायला लावल्या.

७ मार्च, शुक्रवार

ताई यजमानांना हळूहळू तयार करतायत. आज कॅमेऱ्यात म्हणत होत्या, “मला जरा लांबच्या कामावर जावं लागणार आहे. तिथून बोलता येणार नाही रोज. घरी त्या बाई आहेत ना, त्या चांगल्या आहेत, त्यांचं ऐकायचं.”

पलीकडून मग ते म्हणाले, “त्या चांगल्याच आहेत. पण त्या तू नाहीस.”

मी उठून बाहेर गेलो. उगाच जिन्यातले दिवे तपासले.

९ मार्च, रविवार

गावाहून शेजारी परतला. दाद्याची पेन ड्राइव्ह आली! सोबत निरोप, या खेपेला तुझं आवडतं म्हटलंय. उद्या ऐकीन. मनाला तेवढाच आधार.

१० मार्च, सोमवार

सकाळी पेन ड्राइव्ह खोचली, दाद्याचं भजन लावलं. दुपारच्या आत कुलूप. अगम्य अक्षरं. धावत साहेबांकडे गेलो — त्यांचा संगणक ठीक. हिशेबनीसाचा ठीक. लंबूचा ठीक. ताईंचा ठीक. माझा एकट्याचा गेलेला.

शिडी लावली. पाहुण्यांच्या खोबणीतली वायर चिमटीत धरली आणि भिंतीच्या कडेने तिच्या मागे मागे गेलो. चिठ्ठी ‘फोनताई’. वायर कोपऱ्यात आली आणि माझ्या टेबलाखाली शिरली! गेल्या वर्षी मी आणि ताईंनी जागा बदलल्या. चिठ्ठ्या मी बदलल्याच नव्हत्या. महिनाभर ओसरीवर बसलेला मी होतो. ताई माजघरातच होत्या, आणि कुणाला काही झालं नाही. मागचे दोन्ही दिवस आठवले. दोन्ही दिवशी सकाळी दाद्या माझ्या कानात गात होता.

साहेबांना सगळ्यांसमोर बोलावलं आणि तिथल्या तिथे सांगितलं. रोग माझा. पेन ड्राइव्ह त्यांच्या हातात दिली.

ताई जागेवरून उठल्या नाहीत. मी म्हटलं, “ताई, रागवा माझ्यावर.” त्यांनी नुसती मान हलवली, आणि कॅमेऱ्याकडे वळल्या.

“ऐकलंत का? ते आपल्या घरातून नव्हतं हो.”

“बरं,” ते म्हणाले. “घरी कधी येतेस?”

“संध्याकाळी,” ताई म्हणाल्या. “रोजच्यासारखी.”